फाउंटनच्या फूटपाथवरून

चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडून वीर नरिमन रस्त्याने हुतात्मा चौकाकडे सरळ चालत आलात, तर जुन्या तार ऑफिसच्या आसपास फूटपाथवर पुस्तकांचे ढीग दिसू लागतात. काही गुडघ्याएवढे, काही कमरेएवढे, काही माणसाच्या डोक्याहून उंच. त्या ढिगांच्या मधे प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेली जी माणसे दिसतात, त्यांतला एक मी. गेली सव्वीस वर्षे मी येथे जुनी पुस्तके विकतो आणि उरलेल्या वेळात लिहितो. घरचे म्हणतात, लिहितो आणि उरलेल्या वेळात विकतो. यातले खरे कोणते, याचा हिशेब मी अजून मांडलेला नाही.

आधी जागेविषयी. कोणी हिला फ्लोरा फाउंटन म्हणते, कोणी हुतात्मा चौक. आम्ही धंदेवाले नुसते 'फाउंटन' म्हणतो. कारंजे १८६४ सालचे आहे. मुंबईच्या जुन्या किल्ल्याला तीन दरवाजे होते, त्यांपैकी चर्चगेट नावाचा दरवाजा याच ठिकाणी होता. तट पाडला, दरवाजा गेला, नाव मात्र पुढे जाऊन स्टेशनाला चिकटले. कारंज्यावर फुलांची रोमन देवी उभी आहे आणि जवळच मशाल धरलेले शेतकरी-कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी आलेल्या लोकांवर येथेच गोळीबार झाला होता. आता कॉलेजची मुले "मशालीखाली भेटू" असे फोनवर सांगतात आणि भेटून निघून जातात.

मी बार्शीचा, त्यामुळे मला येथे शाहीर अमर शेख आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. १९१६ साली बार्शीत त्यांचा जन्म झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्याबरोबर ज्यांचा आवाज दुमदुमला, तो हा आमच्या गावचा माणूस. हे मी गिऱ्हाइकांना मुद्दाम सांगतो. सांगावे लागते, कारण आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी माझी दाढी-टोपी पाहून हिंदीत भाव विचारतो. मी मराठीत उत्तर दिले की तो चमकतो आणि म्हणतो, "अरे वा, तुमचं मराठी छान आहे हो!" त्याचा हेतू चांगला असतो, म्हणून मी रागावत नाही. पण त्याला 'तुमचंही छान आहे' असे म्हणायची इच्छा मात्र दरवेळी होते. परवा एकदा म्हणूनच टाकले. तो हसला आणि पुस्तक न घासाघीस करता घेऊन गेला.

मी मुंब्र्याला राहतो. फजरनंतर चहा घेऊन निघायचे, लोकलने सीएसएमटी, तेथून दादाभाई नौरोजी रस्त्याने पायी. नऊच्या आत ताडपत्री सोडायची. रात्री माल घरी नेत नाहीत. फूटपाथवरच रचून, वर ताडपत्री टाकून, सुतळीने आवळून बांधतात. सकाळी पहिले काम पुस्तके झटकण्याचे. या शहरात धूळ आणि दमट हवा हे पुस्तकांचे दोन पक्के वैरी. पावसाळ्यात तिसरी बुरशी येते, आणि कसर तर बारा महिने असतेच. मी कडुनिंबाचा पाला ठेवतो, शेजारी डांबरगोळ्या ठेवतो. गोळ्यांच्या वासाने गिऱ्हाईक शिंकते आणि पाल्यावर कसर हसते, असे आमचे एकमेकांच्या उपायांबद्दल मत आहे.

या शेजाऱ्याला आम्ही मास्तर म्हणतो. साताऱ्याकडचा आहे, कायद्याची पुस्तके विकतो. हायकोर्ट जवळ असल्याने त्याचे गिऱ्हाईक बांधलेले. जुम्याच्या दिवशी मी नमाजला गेलो की माझ्या ढिगावरही तोच बघतो, आणि गणपतीत तो गावी गेला की त्याचे मी बघतो. भाव कळावा म्हणून आम्ही पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने एक खूण करून ठेवतो. सव्वीस वर्षांत पैशांवरून आमचा शब्द वाढलेला नाही. पुस्तकांवरून मात्र पुष्कळ वाढला आहे. त्याच्या मते कादंबरी वाचणे म्हणजे दुसऱ्याचा खटला फुकट चालवणे.

गिऱ्हाइकांविषयी लिहायचे तर वही पुरणार नाही. एक गृहस्थ जवळच्या बँकेत कारकून होते. दुपारच्या सुटीत यायचे, एक जाडजूड इतिहासाचे पुस्तक उचलायचे, वीस मिनिटे उभ्याने वाचायचे आणि सुतळीचा तुकडा खुणेसाठी पानात ठेवून जायचे. विकत घेण्याचे नाव नाही. पहिल्या आठवड्यात मास्तर म्हणाला, "भाई, याला हाकल." मी ते पुस्तक खालच्या थरात सरकवले, म्हणजे दुसरे कोणी घेऊन जाऊ नये. दीड महिन्याने ते गृहस्थ शेवटच्या पानावर आले. त्या दिवशी त्यांनी दुसरीच दोन पुस्तके विकत घेतली, भाव न करता. बसऱ्याचा अल-जाहिज हा नवव्या शतकातला थोर अरबी लेखक. त्याच्याविषयी चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे की तो पुस्तकविक्रेत्यांची दुकाने रात्रीपुरती भाड्याने घ्यायचा आणि तेथेच बसून वाचायचा. आमच्या कारकुनाने भाडे दिले नाही, एवढाच फरक.

जून-जुलैत अभ्यासाच्या पुस्तकांचा हंगाम असतो. त्यातून वर्षाचे अर्धे पोट भरते. येथे एक जुनी रीत आहे. पुस्तक नीट ठेवून वर्षाने परत आणले तर ठरलेल्या किमतीत आम्ही ते परत घेतो. नागपाड्याचा एक शिंपी आपल्या मुलीला घेऊन डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची पुस्तके घ्यायला आला होता. तो मागे उभा राहिला आणि भाव मुलीने केला. इतका कसून केला की मी नफा सोडून फक्त गाडीभाडे काढले. पुढच्या वर्षी ती पुस्तके परत आली. पेन्सिलीच्या खुणा रबराने पुसलेल्या, कोपरे सरळ, वर वर्तमानपत्राचे कव्हर. आणि आत, प्रकरणाप्रकरणात, कागदाचे चिटोरे. 'हे आधी करा, ते नंतर सोपे जाते.' 'यावर प्रश्न येतोच, घाबरू नका.' पुढे हे पुस्तक जो कोणी घेईल त्याच्यासाठी तिने ते ठेवले होते. मी ते काढले नाहीत. ज्या मुलाने तो संच नेला, त्यालाही सांगितले नाही. त्याला आपले आपणच सापडावेत असे वाटले.

आता लिहिण्याविषयी. गिऱ्हाईक नसेल तेव्हा मी हिशेबाची वही उलटी करून मागच्या बाजूने लिहितो. पुढून विक्री, मागून गोष्ट. वर्षअखेर जवळ आली की दोन्ही मधे कुठेतरी एकमेकांना भिडतात आणि मग नवी वही घ्यावी लागते. दिवाळी अंकांत काही कथा छापून आल्या. मराठीत पहिला दिवाळी अंक 'मनोरंजन'ने १९०९ साली काढला. तेव्हापासून या अंकांनी किती लिहिणाऱ्यांना उभे केले, याचा हिशेब नाही. त्या शेवटच्या रांगेत मीही उभा आहे. २००९ साली पदरचे पैसे घालून एक कथासंग्रह काढला. प्रती पाचशे. त्यातल्या शंभरावर अजून घरी पलंगाखाली आहेत. दोन गठ्ठ्यांवर पत्नीने शिलाईमशीनचा पाय टेकवला आहे, कारण फरशी त्या ठिकाणी उतरती आहे. ती म्हणते, "तुमच्या पुस्तकाचा आधार आहे बरं घराला."

माझे पुस्तक मी येथेही ठेवतो, पण सांगत नाही. एकदा एका बाईंनी ते उचलले, मधली दोन पाने वाचली आणि विचारले, "लेखक कोण आहे? नाव ऐकलं नाही." मी म्हटले, "बार्शीकडचा आहे कोणीतरी." छापील किंमत ऐंशी. त्या म्हणाल्या, "नवीन माणसाचे ऐंशी कोण देणार? चाळीस घ्या." आपल्याच पुस्तकाची घासाघीस आपणच करणे हा विचित्र अनुभव आहे. दुसऱ्याचे पुस्तक असते तर साठाच्या खाली आलो नसतो. शेवटी पन्नासला दिले. महिन्याने त्या पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, "त्या बार्शीवाल्याचं आणखी काही आहे का?" मी नाही म्हटले. मास्तर पलीकडून खोकत होता.

ओळखीचे लोक मला दिल्लीच्या लक्ष्मण राव यांच्यावरून चिडवतात. 'तुमचाही फोटो छापून येणार एक दिवस' म्हणतात. हे लक्ष्मण राव आपल्या अमरावती जिल्ह्यातले. १९७५ साली ते दिल्लीला गेले, पडेल ते काम केले, आणि हिंदी भवनाजवळ विष्णु दिगंबर मार्गावर फूटपाथवर चहाचे दुकान टाकले. पहिले पुस्तक १९७९ साली आले. प्रकाशक मिळेना म्हणून स्वतःच छापले. मग सायकलवर पुस्तके लादून शाळा-शाळांत जाऊन विकली. वीसहून अधिक पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. पन्नाशी ओलांडल्यावर ते पदवीधर झाले. मी त्यांच्याविषयी जे जे वाचले त्यात चहाविषयी चार ओळी जास्त आणि पुस्तकांविषयी चार ओळी कमी असतात, ही माझी तक्रार आहे. लेखक फूटपाथवर बसला की लोकांना फूटपाथ दिसतो. मराठी मुलखातला हा माणूस हिंदीत लिहितो, आणि मी, ज्याच्या घरात दखनी बोलली जाते, मराठीत लिहितो. मला वाटते, माणूस ज्या भाषेत पहिल्यांदा पुस्तक वाचून रडतो, तीच त्याच्या लिहिण्याची भाषा ठरत असावी. मी नगर वाचनालयातल्या मराठी पुस्तकांवर वाढलो. उर्दू अब्बांकडून कानाने आली.

पण मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते रद्दीविषयी.

माझा माल येतो कुठून? थोडा विद्यार्थ्यांकडून आणि बराचसा रद्दीवाल्यांकडून. गिरगाव, दादर, कुर्ला, भेंडी बाजार येथल्या रद्दीवाल्यांशी माझे बोलणे आहे. पुस्तके आली की ते फोन करतात. ती त्यांच्याकडे किलोच्या भावाने येतात. भेंडी बाजारात जुन्या चाळी पाडून मनोरे उभे राहत आहेत. गिरगावात तेच, आमच्या बार्शीतही वाडे पाडून तेच. घर रिकामे करताना आधी भांडी बांधतात, मग कपडे. सर्वांत शेवटी माळ्यावरची पेटी निघते. ट्रक खाली उभा असतो, हमाल घाई करत असतो. पेटी उघडली जाते, धुळीचा लोट उठतो, आणि कोणीतरी म्हणते, "अब्बांची पुस्तके आहेत, कोण वाचतंय आता?" संध्याकाळपर्यंत ती तराजूवर.

तराजूवरून माझ्याकडे जे येते ते थोडेच. बाकीचे कारखान्यात लगद्यासाठी जाते. माझा फूटपाथ म्हणजे लगद्याच्या अलीकडचे शेवटचे स्टेशन. म्हणून मी एक वेगळी वही ठेवली आहे. हिशेबाची नव्हे. माझ्या हातावरून जाणाऱ्या, मुसलमान लिहिणाऱ्यांच्या मराठी पुस्तकांची, मासिकांची, पत्रकांची, लग्नाच्या मराठी निमंत्रणपत्रिकांचीसुद्धा. नाव, लेखक, साल, छापखाना, गाव, आणि पहिल्या पानावर कोणी काही लिहिले असेल तर ते.

ही कल्पना माझी नाही. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न अल-नदीम नावाचा एक पुस्तकविक्रेता होता. त्याचे वडीलही त्याच धंद्यातले. त्या काळच्या पुस्तकवाल्याला 'वर्राक' म्हणत. तो नक्कल करून द्यायचा, बांधायचा, विकायचा. या माणसाने आपल्याला ठाऊक असलेल्या साऱ्या अरबी पुस्तकांची यादी करायला घेतली. हिजरी ३७७ साली, म्हणजे इसवी सन ९८७-८८ मध्ये, ती 'अल-फिहरिस्त' या नावाने सिद्ध झाली. त्यात कुरआनविषयक ग्रंथ आहेत, व्याकरण आहे, कविता, गणित, वैद्यक, किस्से-कहाण्या, जादूची पुस्तकेसुद्धा. त्यातले बहुतेक ग्रंथ आज कुठेही सापडत नाहीत. ते होते, एवढे आपल्याला कळते ते या एका दुकानदाराने नावे टिपून ठेवली म्हणून. पुढे १२५८ साली मंगोलांनी बगदाद लुटले. आपल्याच काळात, ५ मार्च २००७ रोजी, तेथल्या मुतनब्बी रस्त्यावरच्या पुस्तकबाजारात बॉम्बस्फोट झाला. माणसे मेली, पुस्तके जळाली, आणि काही काळाने त्या रस्त्यावर पुन्हा पुस्तके मांडली गेली.

माझी वही त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. पण ती भरू लागली तेव्हा मला जे दिसले ते सांगतो. लोक समजतात त्यापेक्षा आपले मराठी लिखाण कितीतरी जास्त आहे आणि कितीतरी जुने आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद आणि त्यांचा 'योगसंग्राम' अभ्यासकांना माहीत आहे. रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, ते विचारत आजही लोक येतात. मुस्लिम मराठी साहित्य परिषद १९८९ साली स्थापन झाली आणि त्यानंतर सोलापुरात पहिले संमेलन भरले, हेही ठाऊक असते. पण वहीत ज्या नोंदी आहेत त्या याहून साध्या माणसांच्या आहेत. तालुक्याच्या छापखान्यात काढलेली नातियांची चौपानी पुस्तिका, मराठी अक्षरांत. प्राथमिक शिक्षकाने लिहिलेले नमाजचे मराठी मार्गदर्शन, 'लेखकाकडे मिळेल' असा पत्ता असलेले. विणकरांच्या संपावरचे एक पत्रक. अंगणवाडीसाठी एका बाईंनी रचलेली बडबडगीते. यांतले एकही मला दुसऱ्यांदा दिसलेले नाही. पुस्तकालयांत शोध घेतला, तेथेही सापडले नाही. म्हणजे जगात ती एकच प्रत उरली असेल आणि ती मी पंधरा रुपयांना विकली असेल, असेही शक्य आहे. आता मी विकण्याआधी दोन्ही कव्हरांचा आणि पहिल्या पानाचा मोबाइलवर फोटो काढतो. लेकीने शिकवले. ती म्हणते, "अब्बू, ढगात ठेवा." कुठल्या ढगात ते मला अजून नीट कळलेले नाही, पण ती ठेवते.

पहिल्या पानांवरची अक्षरे वाचताना जीव गलबलतो. 'चि. सायराला, सातवीत पहिली आल्याबद्दल, मामू.' 'हे पुस्तक ज्याला सापडेल त्याने परत करावे', आणि खाली पत्ता अशा चाळीचा की जी आता उभी नाही. एका पाकशास्त्राच्या पुस्तकात समासभर तीन वेगवेगळ्या हातांनी सुधारणा केलेल्या होत्या. पहिले अक्षर उर्दू, दुसरे मराठी, तिसरे इंग्रजी. आजी, आई आणि नात, असे मी धरून चाललो. तिन्ही अक्षरांचे मिठाच्या प्रमाणावर एकमत नव्हते. ते पुस्तक मी विकले नाही, घरी नेले. पत्नीने त्यातले पहिल्या हाताचे प्रमाण बरोबर ठरवले.

रद्दीत कधी कधी कुरआन शरीफ येतो, किंवा सुटे वरक. मला ठाऊक आहे, घरातले कोणी हे जाणूनबुजून करत नाही. घाईत, गठ्ठ्याच्या मधे राहून जातो. आमचा गिरगावचा रद्दीवाला मराठा आहे. त्याला अरबी अक्षर वाचता येत नाही, पण ओळखता येते. असे काही दिसले की तो ते तराजूवर ठेवत नाही. स्वच्छ कापडात गुंडाळून वेगळे ठेवतो आणि मी गेलो की दोन्ही हातांनी देतो. "चाचा, हे तुमचं. याचे पैसे नाहीत." मी त्याला ज्ञानेश्वरीची पोथी सापडली की तशीच देतो. चांगल्या स्थितीतला कुरआन मी गरजू मदरशाला देतो. जीर्ण वरक आमच्या मशिदीतल्या पेटीत जातात, आणि ती भरली की जाणती माणसे ते अदबीने, स्वच्छ जागी दफन करतात. एकदा त्या गिरगाववाल्याने एक उर्दू कादंबरी अशीच कापडात गुंडाळून दिली. मुखपृष्ठावर नटीचे चित्र होते. मी हसलो नाही. त्याने अक्षराचा मान राखला होता.

जागेचा भरवसा आम्हाला कधीच नव्हता. २०१४ साली पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, तो मास्तर कलमांसह पाठ म्हणतो. पण गाडी आली की कलमे म्हणायला वेळ नसतो. पुस्तके उचलायची आणि पळायचे. गाडीत पडलेली पुस्तके सोडवायला गेलो की दंड पुस्तकांच्या किमतीहून जास्त, मग ती तेथेच राहतात. याविषयी जास्त लिहीत नाही, वाचकांना कंटाळा येईल आणि मला राग.

त्यापेक्षा २०२० सालचे सांगतो. मार्चमध्ये जनता कर्फ्यूच्या आदल्या संध्याकाळी आम्ही ताडपत्र्या नेहमीसारख्या बांधल्या आणि घरी गेलो. वाटले, दोन दिवसांची गोष्ट आहे. मग लोकल बंद. मुंब्र्याहून फाउंटन जणू दुसऱ्या मुलखात गेले. रमजान घरातच आला आणि गेला. ईदची नमाजही घरातच पढलो. जूनच्या सुरुवातीला निसर्ग वादळ आले त्या रात्री मी झोपलो नाही. शेकडो पुस्तके उघड्या रस्त्यावर, सुतळीच्या भरवशावर. घरात डाळ-तांदूळ दुसऱ्यांच्या मदतीने येत होते आणि मी पुस्तकांची काळजी करत होतो, हे पत्नीला सांगायचीही लाज वाटत होती. तीच म्हणाली, "दुआ करा आणि झोपा."

शेवटी ओळखीच्या टेम्पोत बसून मी पोचलो तेव्हा फाउंटन इतके शांत होते की राजाबाई टॉवरचे टोल मला प्रथमच पूर्ण ऐकू आले. माझ्या ढिगावर दोन ताडपत्र्या होत्या. एक माझी. दुसरी निळी, नवी, आणि गाठी अनोळखी. शेजारच्या इमारतीचा रखवालदार बिहारचा. तोही गावी जाऊ शकला नव्हता, एकटाच त्या इमारतीत अडकून होता. वादळाच्या आधी त्याने कुठूनतरी ताडपत्री आणून माझा आणि मास्तरचा ढीग बांधला होता. खालचा थर भिजलाच, वरची पुस्तके वाचली. त्याला काय द्यावे कळेना. पैसे घेईना. म्हणाला, "रातभर अकेले थे, आपकी किताबें पढ़ीं. हिंदीवाली सब पढ़ लीं. अब कुछ और लाइए." तेव्हापासून हिंदी पुस्तक आले की आधी त्याच्याकडे जाते.

त्यानंतर मराठी पुस्तकांची विक्री कमी झाली, हे खरे आहे. तरुण मुले इंग्रजी घेतात, फोनवर वाचतात. पण एक नवे गिऱ्हाईकही येऊ लागले आहे. पंचविशी-तिशीतली मुले-मुली विचारतात, "चाचा, आमच्या लोकांचं मराठीत काही आहे का?" आमच्या लोकांचं म्हणजे काय ते त्यांना नीट सांगता येत नाही, मलाही येत नाही. मी वही काढतो, मोबाइलवरचे फोटो दाखवतो. परवा एक मुलगी बडबडगीतांचे मुखपृष्ठ बघता बघता थांबली. छापलेले गाव तिच्या आजोळचे होते. पुस्तक तर केव्हाच विकले गेले होते. तिने फोटोचा फोटो काढला आणि आजीला पाठवते म्हणाली.

हे लिहीत असताना फोन आला, म्हणून थांबलो होतो. डोंगरीहून एक बाई बोलत होत्या. सासरे मराठी शाळेत शिक्षक होते, त्यांची लोखंडी पेटी आहे, जागा शनिवारी रिकामी करायची आहे. कोणीतरी तुमचा नंबर दिला. रद्दीवाल्याला सांगितले आहे, पण तुम्ही आधी बघून जाल का? शुक्रवारी जुम्यानंतर येतो म्हणून सांगितले आहे. तोपर्यंत पेटी उघडू नका, उन्हात ठेवू नका, आणि त्यात सुटे कागद असतील तर तेही टाकू नका, एवढे मी त्यांना तीनदा सांगितले. मास्तरला विचारले, तो शुक्रवारी दोन्ही ढीग बघेल.